सफेदा भरलेले आटे

११ ऑक्टो. १९६३, मलकापूर
जिनिंगचं वायरिंग संपलं. सरकी काढायचे रेचे आठ. तारांच्या लोखंडी नळ्या भिंतीत, वरून गिलावा. नळ्यांच्या प्रत्येक आट्यात सफेदा अन् ताग, पाण्याच्या नळाला भरतात तसा. उस्तादांची शिकवण, पाणी आत शिरू नये म्हणून. सांधे पाहून म्हणाले, "याले म्हनतात हात!" दिवसभर फुगून होतो.

१४ ऑ.
सहज बॅटरी-घंटी लावली. एक टोक रेच्याला, दुसरं मेनजवळच्या नळीला. वाजेना. बॅटरी जिभेला लावून पाहिली, चुरचुरली. आठांत दोनच वाजले. सफेद्यानं लोखंडाला लोखंड टेकूच दिलं नाही. अर्थिंगची वेगळी तार नाही, रेच्याच्या अंगात करंट उतरलाच तर नळीवाटे जमिनीत जायचा. आता हात लावील त्याच्यातून जाईल.

१५ ऑ.
उस्तादांकडे गेलो. "तीस साल झाले, कोनाले झटका नाई लागला. घंटीच खराब असन तुयी." कोणापाशी बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ.

१६ ऑ.
मॅनेजरसाहेबांना म्हटलं, भिंती फोडू द्या. नाहीतर बाहेरून तांब्याची तार तरी ओढू द्या. "काऊन बे, कालच चुना मारला! वीस तारखेले मुहूर्त हाये. हंगाम झाल्यावर पाहू." तार कोठीत, किल्ली त्यांच्या कमरेला. बाहेर येऊन रडलो. लिहायलाही लाज वाटते.

१८ ऑ.
अक्का, माझी मोठी बहीण, चार नंबरच्या रेच्यावर कामाला. न वाजलेल्यांतलाच. सगळ्यांत जुनी बाई म्हणून मुहूर्ताचा मान तिचा. रेचा पाण्यानं धुवायचा, हळदकुंकू, नारळ. मग रेचा सुरू करून ओल्या हातानं कापसाची पहिली ओंजळ. अनवाणी.
म्हटलं, जाऊ नको. "मान सोडू? बाया काय म्हनतीन मले?" निदान चपला तरी घाल. "पूजेले चपला? येडा झाला का रे?"

२० ऑ., सकाळ
पुन्हा विनवलं. सफेदा, घंटी, माझी चूक, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग पदर खोचत म्हणाली, "तूच बसोलं ना सारं? मंग मले कायचं भेव?"
बटण दाबायचं मला सांगितलंय. नाही म्हटलं तर दुसरा कोणी दाबेल. मी असलो तर निदान बंद तरी लगेच...
बोलावणं आलं. निघतो.