न्हाणीघराची खिडकी

दादा, त्या गिझरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता सांगून उपयोग नाही हेही कळतं. तरी लिहायला बसले. आज सकाळी सुनेने थंडी वाजते म्हणून बाथरूमच्या काचा लावून घेतल्या आणि मी तिच्यावर अशी काही ओरडले, की ती बिचारी टॉवेल हातात धरून नुसती बघत राहिली. आमच्याकडे आता विजेचा गिझर आहे. काचा लावल्या काय, उघड्या ठेवल्या काय, काही होत नाही. तिला काय सांगणार? दुपारभर माझंच मला वाईट वाटत राहिलं.

तो गिझर तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दिलात. तुम्ही रसायनीच्या कारखान्यात फिटर. कॉलनीतले कुणी साहेब बदली होऊन जाताना जुना गॅस गिझर टाकून चालले होते, तो तुम्ही मागून घेतलात. दहिवलीच्या आपल्या ओटीवर वर्तमानपत्रं पसरून चार रविवार त्याच्याशी झटत होतात, असं आईने सांगितलं. आईला तो प्रकार काही पटला नव्हता. "लोकं लेकीला साडी देतात, तुमी ह्ये काय देताय?" असं तिने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "चुलीत फुंकून फुंकून तुजे डोळे गेले. तिचे नको जायला." मग तो डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने खालापूरला आलात. माझ्या सासरी तेव्हा गॅसची शेगडी नुकतीच आली होती, गिझर हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही न्हाणीघरात स्टुलावर उभे आहात, पितळी पाना खिशात खोचलेला. नळ उघडला, पाणी आलं, पण ज्योत काही पेटेना. सासरे दारातून म्हणतात, "बिघडलेला माल दिसतोय, व्याही." तुम्ही हसता. "माल चांगला हाय. टाकीतल्या पान्याला जोर नाय. पान्यानं आतला पडदा ढकलला, की मग गॅस सुटतो." गच्चीवरची टाकी तुम्ही विटांचे थर रचून वर उचललीत, आणि मग पुन्हा नळ उघडल्यावर आत भप्प आवाज झाला आणि तोटीतून कढत पाणी पडायला लागलं. घरातली सगळी माणसं बोटं बुडवून बघत होती. मला इतका अभिमान वाटला, दादा, की मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटून आले. जाण्याआधी तुम्ही खिडकीच्या काचा काढून भिंतीला उभ्या करून ठेवल्यात आणि मला जवळ बोलावलंत. "पोरी, ज्योत निळी पायजे. पिवळी दिसली तर तिला हवा पुरत नाय. आत एक मानूस श्वास घेतो आन् एक ह्यो. खिडकी झाकायची नाय."

आणि मी ती झाकली. थंडी पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "समोर हीर हाय, गडीमाणसं येतात-जातात. आन् वारा किती शिरतो गं आतमदी!" खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक त्यांनीच काढून दिलं, खिळे मात्र मी ठोकले. मला माहीत होतं. कॉलनीत एका साहेबांच्या बाईंना तुम्ही याच गोष्टीवरून किती सुनावलं होतंत, ते मी लग्नाआधी तुमच्याबरोबर गेले होते तेव्हा स्वतः ऐकलं होतं. पण नव्या सुनेने पहिल्याच हिवाळ्यात सासूला शहाणपण कसं शिकवायचं? आठवड्याभरात तिसऱ्या माणसाच्या आंघोळीला ज्योत पिवळी पडायला लागली, मग विझायला लागली. अंगाला साबण लावून माणसं बोंबलायची. तुम्हाला निरोप गेला.

तुम्ही रविवारी येणार म्हटल्यावर मी सकाळीच प्लास्टिक काढून घडी करून कणगीमागे ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, दादांना कामाला उजेड लागतो. खरं कारण असं, की तुमच्या जिभेला हाड नव्हतं. तुम्ही ते बघितलं असतंत, तर सासूबाईंसमोरच माझी आणि त्यांचीही खरडपट्टी काढली असतीत, आणि तुम्ही एस.टी.त बसून गेल्यावर पुढचे महिनाभर ते मला ऐकावं लागलं असतं. तुम्ही डबा उघडलात. जाळीवर काजळी. पिन घालून, ब्रश मारून सगळं साफ केलंत, काडी लावलीत. ज्योत निळीशार. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "काजळी येते कुठनं?" मग माझ्याकडे वळून विचारलंत, "खिडकी उघडी असते ना गं?"

मी "हो, दादा" म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत आणि तो विषय सोडून दिलात. काजळी डोळ्यांसमोर होती, तरी तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. पाणी, हवा, गॅस हे सगळं तपासायची तुमची रीत होती, पण लेक तोंडावर खोटं बोलते हे त्यात कुठे बसणार? नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, म्हणून चहासुद्धा न घेता गेलात. मी प्लास्टिक परत लावलं. तीन आठवड्यांनी पुन्हा निरोप, पुन्हा तुम्ही, आणि तुम्ही यायच्या आधी पुन्हा प्लास्टिक कणगीमागे. या वेळी आतला पडदा बदललात, रेग्युलेटर बदललात, सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासलेत. पुन्हा निळी ज्योत. सासरे ह्यांना हळूच म्हणाले, "येतं ना रं त्यांना नक्की?" मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. चष्मा पुसत स्वतःशीच म्हणालात, "माज्याच हातून काय तरी चुकतंय." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी परातीतलं पीठ मळत बसले, आणि तुम्ही गेल्यावर प्लास्टिक परत ठोकलं.

शिमग्याला नणंद माहेरपणाला आली. केस धुवायला बसली, नळ चालूच ठेवला, दार लावलेलं. आतून धप्प आवाज आला. ह्यांनी दार तोडलं. आम्ही तिला अंगणात आणून आडवं केलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, उलटी केली, रडायला लागली. त्या गडबडीत मी आत जाऊन प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि चुलीत घातलं. त्याचा काळा धूर घरभर झाला, कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या डब्यानं माजी पोर गेली असती." तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडलेत, दादा. तुम्ही कुणापुढे हात जोडलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते. मग गिझर काढलात, पाइपाचं तोंड बंद केलंत, आणि तो डबा पोत्यात घालून परत घेऊन गेलात. माझ्याकडे बघितलंत ते एवढंच म्हणायला, "मला म्हाग पडलं असतं गं पोरी."

त्यानंतर तुम्ही बाहेरचं एकही काम घेतलं नाहीत. कॉलनीतून निरोप यायचे, तुम्ही म्हणायचात, "माजा हात गेला आता." हत्यारांची पिशवी कुणाला तरी देऊन टाकलीत. मी दर खेपेला माहेरी येताना ठरवून यायचे, की आज सांगायचं. तुम्ही ओटीवर बसलेले असायचात, मला बघून खूश व्हायचात, आणि मला वाटायचं, पुढच्या वेळी. माझा मुलगा व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. तुमचा हात गेला नव्हता, दादा. तो शेवटपर्यंत चांगला होता. हे तुम्हाला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी जगात मी एकटीच होते.

हे पत्र फाडून टाकीन, घरात कुणाच्या हाती लागायला नको. आजवर मी स्वतःलाही सांगत आले, की सासूबाईंच्या धाकाने सगळं झालं. पहिल्या दोन वेळी ते खरं होतं. पण शिमग्याच्या पंधरा दिवस आधी त्याच मला म्हणाल्या होत्या, "काढ गं आता ते प्लास्टिक, उकडतंय." मी हो म्हटलं आणि काढलं नाही. कारणाशिवाय तुम्ही लेकीच्या घरी कधी पाऊल टाकलं नसतंत. गिझर बिघडला की तुम्ही यायचात, न्हाणीघरातून तुमच्या पान्याचा आवाज यायचा, आणि भाकऱ्या थापताना मला वाटायचं मी दहिवलीलाच आहे. तुम्ही अजून एका रविवारी यावं, म्हणून मी ते खिळ्यांवर तसंच राहू दिलं.