गेंड्याचं ॲव्हरेज

ता. ९, रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

ताईचा आशीर्वाद आणि त्यावर एक धपाटा, दोन्ही पोचले असं समज. इकडे सगळं ठीक. आप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं कारण नाही. माझं ड्रायव्हिंग स्कूल चाललंय. रोज नव्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घ्यायचं, हाच धंदा. परवा एका दंतवैद्यबाईंनी मला गाडीसकट थेट भाजीच्या दुकानात नेलं. टोमॅटो सोडून कुणाला लागलं नाही.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. आप्पांना वापरायला ठेवलेल्या तुझ्या गाडीला गिऱ्हाईक लागलंय आणि महिनाअखेरीस तो माणूस येऊन ती घेऊन जाईल, हा तुझा निरोप आप्पांनी मला सांगितला. लिटरला सात किलोमीटर देणारा हत्ती पोसायची तुझी तयारी नाही, हेही सांगितलं. डिझेलचं कार्ड तुझ्या नावावर आहे, टाकी भरली की तुझा फोन वाजतो, तेव्हा बोलायचा हक्क तुला आहेच. पण गॅरेजवाला डिझेल काढून विकत असणार, असं तू म्हणालास ना, ते आप्पांनी जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं. आता तो आमच्याशी बोलत नाही आणि माझ्या शिकाऊ गाडीचा क्लच त्याच्याकडे उघडा पडलाय. एवढी मोठी जीभ तुला कुणी दिली रे?

आता गाडीची बाजू मांडते. कंपनी चौदा सांगते. सांगेना बापडी. कंपनी गाडी चालवते ती बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरवर. तिथे चढ नाही, वारा नाही, टपावर लोखंडी जाळी नाही आणि आत आप्पा नाहीत. डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो, तोही गाडीने स्वतःचं केलेलं कौतुक आहे. त्यात तू हौसेनं ते दांडगे चिखलाचे टायर घातलेस. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबाने चालतो, म्हणजे झालेले किलोमीटरही तो कमीच दाखवतो. हे मी शिकवते म्हणून मला माहीत. तू विकत घेतोस, तुला कुठून माहीत असणार.

तरी तुझ्या समाधानासाठी मी स्वतः पाहिलं. टाकी तोंडापर्यंत भरली, हवा तपासली, डांबरी रस्त्याने दिवसभर फिरवली आणि त्याच पंपावर येऊन पुन्हा तोंडापर्यंत भरली. अकरा पडलं. एवढ्या अवजड धुडाला अकरा म्हणजे झकास. तेव्हा गाडीत खोट नाही, गॅरेजवाल्यात नाही, डिझेलमध्येही नाही.

मग आप्पांच्या हातात सात का, हे तू विचारणारच. इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, वाळलेले कपडे काढले, त्यांच्या घड्यासुद्धा घातल्या. मी कपड्यांच्या घड्या घातल्या म्हटल्यावर तुला कळेल की पुढचं लिहायला जड जातंय.

बरेच दिवस मी बघत होते. शनिवारी आप्पा जुन्या मित्राकडे पत्ते खेळायला जातो म्हणून निघत आणि संध्याकाळी परत येत तेव्हा बहुतेक वेळा चारही टायर बसलेले असत, अगदी चपटे नाही, पण मऊ. पत्ते खेळून टायरची हवा जात नाही. शिवाय आप्पा गाडीला ‘गेंडा’ म्हणायला लागले. या माणसाने आपल्या घरातल्या मांजराला दहा वर्षं मांजर म्हटलं, दुसरं नाव सुचलं नाही. ते गाडीचं बारसं कुठून करणार? विचारलं तर म्हणाले, दिसते तशी, म्हणून म्हणतो.

काल ते निघाले तेव्हा मी सरळ दार उघडून शेजारी बसले. उतर म्हणाले, मी पट्टा लावला. मग त्यांनी गाडी सुरू केली. गाव संपलं, खडी फोडायची यंत्रं मागे पडली आणि डोंगराखाली आप्पांनी गाडी थांबवली. गुडघा धरत खाली उतरले आणि एकेका चाकाजवळ बसून हवा सोडली, दगडांवर चाक पसरावं म्हणून. मग इंजिनचा जोर चारही चाकांवर घेतला, लो गिअर टाकला आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर निघालो. चालणारा माणूस आम्हाला मागे टाकेल अशी गती आणि इंजिन मात्र बोंबलतंय. डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते, मी, जी लोकांना सांगते की घाबरायचं नाही.

डोंगराच्या पलीकडे कोण राहतं, ते तुला माहीत आहे.

तुझी बायको लेकीला घेऊन तिकडे राहायला गेली तेव्हा तू आम्हा दोघांना समोर बसवून वदवून घेतलं होतंस की त्या रस्त्याला कुणी जायचं नाही. मी हो म्हटलं आणि पाळलं. आप्पांनीही हो म्हटलं. काल वर चढताना मी त्यांना याची आठवण करून दिली, तर म्हणाले की त्या रस्त्याला मी आजपर्यंत चाक लावलेलं नाही, आणि बोट दाखवून विचारलं की या धोंड्यांना तू रस्ता म्हणशील का. डांबरी रस्त्याने वळसा घालून गेलो असतो तर गुडघाही वाचला असता आणि डिझेलही. पण शब्द दिला होता ना. तुला दिलेला शब्द पाळायला ते डोंगर चढले आणि तू म्हणतोस गाडी डिझेल खाते.

तुझ्या ठमीची आई शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. मला बघून थबकली, मग आत जाऊन चहाचा आणखी एक कप घेऊन आली. तुझ्याबद्दल तिने एक वाकडा शब्द काढला नाही, चांगलाही नाही. आणि ठमी ‘गेंडा आला’ म्हणून ओरडत धावत आली, तेव्हा नाव कुणी ठेवलं ते मला कळलं. पुढचे दात आलेत तिला, चांगले मोठे, आपल्या घराण्याचे. अंगणात तिची सायकल होती आणि सायकलीजवळ हवा भरायचा पंप. तू गाडीबरोबर घेऊन दिलेला, तोच तो चार्जिंगवर चालणारा. मी म्हटलं, अगं, हा तर गाडीतला, मी शोधत होते केव्हाची.

ती पंपावर हात ठेवून म्हणाली, “हा बाबांचा आहे. ते न्यायला येणार आहेत. मी रोज चार्ज करून ठेवते, रिकामा नको म्हणून.”

मी आप्पांकडे बघितलं. ते चहा पीत होते आणि कप केव्हाच रिकामा झाला होता.

परतताना त्यांच्याकडून खरं काय ते काढून घेतलं. पहिल्यांदा सायकलीत हवा भरायला म्हणून पंप खाली काढला होता. हा कुणाचा, तिने विचारलं. तुझ्या बाबांचा, आप्पांनी सांगितलं. मग बाबा न्यायला येतील, असं तिचं तिनेच ठरवलं. “मी काय सांगणार होतो तिला?” आप्पा एवढंच म्हणाले. तेव्हापासून पंप तिथेच आहे. डोंगर उतरल्यावर हवा भरायला हातात काही नाही, पलीकडे हवा मिळते ती तुझ्या दोस्ताच्या पेट्रोलपंपावर, म्हणजे तू बंदी घातलेल्या त्याच रस्त्यावर. म्हणून मऊ टायरांवर रखडत गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत यायचं. त्याचं दुकान बंद असलं की दुसऱ्या दिवशीही तशीच फिरवायची. स्टिअरिंग किती जड होतं, ते मी काल हातात घेऊन पाहिलं. तर तुझे अकराचे सात होतात ते असे. आणखी काही तांत्रिक माहिती हवी असेल तर कळव.

मला काल तुझा राग आला, खरंच सांगते. तुला कोर्टाने रविवार दिले होते. पहिल्याच रविवारी ती तुला बघून आईमागे लपली आणि तू खेळण्याचा खोका पायरीवर ठेवून परत फिरलास तो फिरलासच. तेव्हा ती किती होती रे? एवढीशी पोर कुणालाही बघून लपते. माझ्याकडे चाळिशीच्या बायका स्टिअरिंग बघून रडतात, मी त्यांना घरी पाठवत नाही, पुढच्या दिवशी बोलावते. पण तुझं तोंड मला आठवतं त्या दिवशीचं, म्हणून राग फार वेळ टिकला नाही.

आता कामाचं. गाडी तुझी, विकायचा हक्क तुझा, त्यात मी पडत नाही. आप्पाही पडणार नाहीत. विकलीस तर शनिवारी ते काय करतील हे मी विचारलं, तर ते उठून गेंड्याची काच पुसायला गेले. पण गिऱ्हाइकाला तू सगळ्या सामानासकट म्हणून कबूल केलं आहेस. मी आज सकाळी डिकी उघडून बघितली. जॅक आहे, पान्यांची पेटी आहे, दोरखंड आहे, फावडं आहे. पंप नाही. पुढच्या शनिवारी घेऊन येऊ का, म्हणून मी आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, “तू हात लावायचा नाहीस त्याला.” मी लावणार नाही. ते तर मुळीच लावणार नाहीत. म्हणजे राहिलास तू.

डांबरी रस्त्याने ये. शब्द तू आमच्याकडून घेतला होतास, तू स्वतः कुणाला दिलेला नाहीस, तेव्हा तुला डोंगर चढायचं कारण नाही. आणि गॅरेजवाल्याला फोन कर, माफी माग, माझा क्लच सुटेल.

ती या वेळी लपली, तर पायरीवर बस. उठू नकोस. थोड्या वेळाने सायकल दाखवायला येईल, मला दोन मिनिटांत दाखवली. पंप भरलेला आहे, मी काल चालवून बघितला.

ठमी, आप्पा आणि गेंड्यामागोमाग वाट बघणाऱ्यांत चौथी,
तुझी ताई