घंटा वाजवून साखर मागितल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. निबंधक,
गृहनिर्माण संस्था कार्यालय.

विषय : तिसऱ्या मजल्यावरील घराची घंटा वाजवण्यास मनाई न करण्याबाबत.
संदर्भ : आपली गेल्या आठवड्याची नोटीस.

महोदय,

तिसऱ्या मजल्यावरील सभासदाची तक्रार अशी की, शेजारी वेळीअवेळी घंटा वाजवून साखर मागत, आणि सचिव, म्हणजे मी, मधुमेही असूनही त्यात सर्वांत पुढे. दोन्ही आरोप खरे आहेत. कारण तेवढे ऐकून घ्यावे.

१. सदर सभासद बायकोला मारत असे. भिंती पातळ, त्यामुळे ऐकू सगळ्यांनाच येई. पण नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत असू. याची लाज आजही वाटते.

२. पुढे आम्हाला शौर्य सुचले. नळदुरुस्तीवाले भाऊ पाच जणांना घेऊन त्याला समज द्यायला गेले. त्याने चहा पाजला, मान डोलावली, दार लावले आणि सगळा राग तिच्यावर काढला. दोन दिवसांनी ती माझ्याकडे ड्रेसच्या बाह्या मनगटापर्यंत लांब करून घ्यायला आली (मी तळमजल्यावर शिवणकाम करते). म्हणाली, काकू, मदत करायचीच तर आधी मला विचारा. हे कळल्यावर भाऊ जिन्यात बसून ढसाढसा रडले.

३. मग नियम तिनेच घालून दिला. आवाज चढला की दोघांनी जायचे, घंटा वाजवायची, वाटी पुढे करायची, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. वाटी भरून आली तर मुकाट्याने परत. रिकामी आली, किंवा ती दाराशी आलीच नाही, तर पोलिसांना फोन. तिची कागदपत्रे आणि दोन कपडे माझ्या चिंध्यांच्या पेटीत.

४. आता रोज साखर तरी किती मागणार? म्हणून कोणी सुई मागितली, कोणी शिडी. निवृत्त भूगोल मास्तरांनी पृथ्वीचा गोल मागितला. नळदुरुस्तीवाले भाऊ घाबरून पाना मागून बसले, हातात स्वतःचा पाना असताना! पहिल्या मजल्यावरच्या आजी हरवलेले मांजर शोधत चार वेळा गेल्या. आमच्या इमारतीत मांजर नाही. तक्रारीत हे सारे अचूक नोंदवले आहे. सभासदाच्या स्मरणशक्तीला तोड नाही.

५. एका दुपारी वाटी रिकामी आली. मी खाली येऊन फोन केला. पोलीसबाई आल्या. आम्ही सारे जिन्यात उभे राहिलो. ती पेटीतले गाठोडे घेऊन बहिणीकडे गेली. आता न्यायालयाने त्यास घरात पाऊल टाकण्यास मनाई केली आहे, म्हणून तो बाहेरून घंटेवर मनाई मागतो. वा रे वा!

६. ती सोमवारी आपल्या घरी परत येत आहे. तो बाहेर असला तरी भीती अजून घरातच आहे, असे ती म्हणते. तिने फोनवर एकच विचारले : काकू, साखर मागायला याल ना?

मी हो म्हणून बसले आहे, साहेब. आता मला खोटे पाडू नका. नोटीस रद्द करावी.

घंटेची बाब सोडून इतर सर्व बाबतींत आपली आज्ञाधारक,

(सही)
सचिव
दिनांक : बारा, शुक्रवार

सोबत : १) न्यायालयाच्या आदेशाची प्रत.
२) वाटी, एक. पाहून आजच परत करावी. सोमवारी लागणार आहे.