कापूस लागला की 'हो' म्हणायचं

परळी वैजनाथ
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

चि. रुद्राणीस,

आईचा पोटभर आशीर्वाद, तुला आणि तुझ्या पोटातल्यालाही. जावईबापूंना, विहीणबाईंना नमस्कार सांग, पण पत्र आधी एकटीने वाच. फोनवर बोलले असते, पण ओटीभरण झाल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी स्पीकरवर टाकतेस. वाचून झाल्यावर कुणाला काय सांगायचं ते तू ठरव.

इकडे महाशिवरात्रीची गर्दी ओसरली. यात्रेत आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चांगली खपली. थर्मल वीजकेंद्राची राख वाळवणावर बसतेच, म्हणून यंदा मिरच्या घरातच पंख्याखाली वाळवल्या. अप्पांचा गुडघा बरा आहे.

रुसण्याआधी तू मला प्रश्न पाठवले होतेस, त्यांची उत्तरं काढून ठेवली आहेत. लहानपणी तू 'कावून, कावून' करून माझा जीव काढायचीस. साबण लाल तर फेस पांढरा कावून? मुंगी भिंतीवरून पडत नाही कावून? मला येत नसलं की मी म्हणायचे, वैजनाथाला विचार. आता मला विचारायला माणूस मिळालंय, ऋतुजा मॅडम म्हणून डॉक्टरबाई आहेत.

तर ऐक. माती खावीशी वाटते, त्याला डोहाळे म्हणून सोडून देऊ नकोस. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. रक्त तपासून घे आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. बाळाला ऐकू येतं का, विचारलं होतंस. येतं, आणि तुझा आवाज सगळ्यात जास्त. होळीच्या वेळी चंद्रग्रहण आहे, विहीणबाई तुला विळीला हात लावू देणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, तिचा बाळाच्या ओठाशी काही संबंध नाही. पण तू वाद घालू नकोस. एक दिवस आयतं बसायला मिळतंय तर बस.

आता तुझ्या डोक्यात आलंच असेल, की आईची डॉक्टरीणबाईशी एवढी ओळख झाली कशी.

डिसेंबरात येळामावस्येच्या सणाला तिळाच्या भाकरीची मागणी लई होती. आपल्याकडे दगडाबाई कामाला आहे, तुझ्या लग्नानंतर आली, तू तिला पाहिलेली नाहीस. ती थापायची, मी भाजायचे. मी तव्यावरची भाकरी नुसत्या हाताने उलटते, हे अप्पा गिऱ्हाइकांना किती कौतुकाने दाखवतात ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी दगडाबाई म्हणाली, "आक्का, काय तरी जळायलंय." मी भाकरी बघितली. भाकरी चांगली होती. मग तिनं माझा उजवा हात ओढून काढला. करंगळीखालची कड तव्याला टेकली होती आणि कातडी पांढरी पडली होती. मला काहीच कळलं नव्हतं.

त्याच हातावर कोपराखाली एक फिकट चट्टाही होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. दगडाबाईनं आपल्या गल्लीतल्या आशा कार्यकर्तीला, सुनिताला, बोलावून आणलं. सुनितानं चट्टा बघितला आणि बोलत बसली नाही, मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथं ऋतुजा मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणायचं आणि जागा दाखवायची." मी दोन-तीनदा 'हो' म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं, बाईंना फोन आला असेल. डोळे उघडले तर कापूस माझ्या चट्ट्यावरच फिरत होता.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, कुष्ठरोग. आपल्याकडे महारोग म्हणतात तोच.

रुद्राणी, पत्र खाली ठेवू नकोस. पाणी पी आणि पुढं वाच, कारण पुढचं चांगलं आहे.

पहिले काही दिवस मी काहीच विचारलं नाही. स्वयंपाकघरात जायलाच नको वाटायचं. भट्टी बंद ठेवली. माझं ताट मी वेगळं घासायला लागले. एका दुपारी अप्पांनी ते ताट उचलून सगळ्या भांड्यांत टाकलं. मग म्हणाले, "महादेवी, आपल्या पोरीनं काय केलं असतं? विचारून विचारून डॉक्टरला हैराण केलं असतं. चल, आपण विचारू."

म्हणून आम्ही दोघं गेलो आणि विचारलं. माझ्या हातून कुठलं पाप घडलं का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. मॅडम म्हणाल्या, पापाचा आणि याचा काही संबंध नाही, हे जंतू आहेत. आई-बापाकडून रक्तात येत नाही. औषध न घेतलेल्या माणसाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून, पुष्कळ दिवस जवळ राहिल्यावर कुणाला लागला तर लागतो, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला मारायची ताकद जन्मतःच असते. मग मी विचारलं, मला लागला कुणाकडून? त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही, हा जंतू फार सुस्त आहे. दह्याचं विरजण एका रात्रीत सगळं पातेलं भरतं. याला एकाचे दोन व्हायलाच पंधरवडा लागतो, म्हणून दिसून येईपर्यंत वर्षं निघून जातात. मला त्या जंतूचं हसू आलं, खरंच. एवढा नाव काढलेला रोग आणि एवढा आळशी.

त्याला अंगातली थंड जागा आवडते म्हणे. मी म्हटलं, मी तर दिवसभर तव्यापुढं, मग माझा हातच कावून धरला? त्यावर मॅडम म्हणाल्या, "हे मलाही माहीत नाही." डॉक्टरच्या तोंडून असं ऐकून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

मुख्य गोष्ट अशी, की औषधाचा पहिला डोस पोटात गेला की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागायचा थांबतो. तो डोस मी डिसेंबरातच घेतला. गोळ्या फुकट मिळतात. महिन्याच्या पाकिटातला पहिला डोस सुनिता समोर बसून देते. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली. मी घाबरून अप्पांना हाक मारली, तर तो गोळीचाच रंग होता, आणि आधी सांगितलेलं मी विसरले होते. अप्पांनाही खबरदारी म्हणून एकदाच घ्यायचं औषध दिलं. ते तपासणीत साफ आहेत.

अप्पांचं म्हणणं होतं, बाहेर कुणी विचारलं तर ॲलर्जी सांगू. मी ऐकलं नाही. दगडाबाई माझ्या शेजारी बसून काम करते, तिच्याशी खोटं बोलून मला भाकरी गोड लागली नसती. मी तिला बसवून सगळं सांगितलं. ती उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी धरून चालले की गेली ती गेलीच. मग एका सकाळी सुनितासोबत दारात उभी. तिनंही दवाखान्यात जाऊन हाताला कापूस लावून घेतला होता. चपला काढत म्हणाली, "माझं काय बी न्हाई निघालं. आजपासून भाकरी मी भाजणार, तुमी थापा. तुमच्या हाताला तवा कळत न्हाई, मला कळतो." मी पदर तोंडाला लावून मोरीत गेले, तिला दिसू नये म्हणून. तिला दिसलंच.

मंदिराजवळच्या एका दुकानदाराने आपला माल घेणं बंद केलं. मी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन त्याच्या गल्ल्यापुढं गेले आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा पाजला, पण माल अजून घेतलेला नाही. नसू दे.

आता ओटीभरणाचं. तुला मी ऑर्डरचं निमित्त सांगितलं. मॅडमनी 'जा' म्हटलं होतं. पिशवी भरली होती, तुझी हिरवी साडी घडी घालून वर ठेवली होती. पण माझ्या हाताने तुझ्या ओटीत तांदूळ घालायचे, तुझ्या पोटावरून हात फिरवायचा, आणि तू विचारणार, आई हाताला काय झालं. तुझ्यापुढं खोटं बोलता येणार नव्हतं आणि त्या घरात खरं बोलता येणार नव्हतं. म्हणून राहिले. मांडवात तुझी आई नव्हती, हे मला रोज आठवतं.

हाताचं विचारशील, तर तळव्याला आता ऊन-गार थोडं कळतं. करंगळी अजून गप्प आहे. ती पूर्ण येईल का, ते मॅडम छातीठोक सांगत नाहीत. बोटं वाकडी होऊ नयेत म्हणून व्यायाम दिलाय, तो मी टीव्ही बघता बघता करते.

मागच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचा प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हे पत्र एवढे दिवस थांबलं होतं. म्हटलं, माझी पोर पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. मी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालू का? त्या म्हणाल्या, "जरूर घाला. फक्त पाणी किती कढत आहे ते उजव्या हाताने बघू नका. डावं कोपर बुडवून बघा." एवढंच. मी घरी येऊन बादलीत पाणी काढलं आणि डावं कोपर बुडवून बघायची सवय करायला लागले.

मी तुला विनवणी करत नाही. जे आहे ते सांगितलं आणि बोलावते आहे. विहीणबाईंना शंका आली तर त्यांना मॅडमचा नंबर दे, त्या बोलायला तयार आहेत. अप्पा तू म्हणशील त्या दिवशी गाडी घेऊन निघतील. तुला तिथेच थांबावंसं वाटलं, तरी मी आता निमित्त सांगणार नाही. मी तिकडे येईन, बाळाला मांडीवर घेईन आणि कुणी हाताचं विचारलं तर रोगाचं नाव घेऊन सांगेन.

गोळ्या वेळेवर घेणारी आणि बरी होत चाललेली,
तुझी आई,
महादेवी