सॅकचं निव्वळ वजन

४ सप्टेंबर, कॅलमंडा
उद्या निघतो. ऑल्बनीपर्यंत पायी हजार किलोमीटर. रोज सव्वीस, म्हणजे वाटेवर चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या शेडपैकी एक सोडून पुढच्या शेडला मुक्काम. चाळीस दिवसांत संपेल. बायकोबरोबर, ग्लेनिसबरोबर, दिवसाला तेराच्या वर कधी जमलं नाही. ती फुलं बघत मागे राहायची, मी चढावर घड्याळ बघत थांबायचो. ती मार्चमध्ये गेली. ही वाट दोघांची राहिली होती. पूर्ण करीन असं तिला हॉस्पिटलात सांगितलं आहे.
जोसलिनची अट: चौदा तारखेला ड्वेलिंगअप गाठायचं. नाही पोचलास बाबा, तर गाडीत घालून घरी आणीन, म्हणाली. मुलगी नर्स आहे. बोलते ते करते.
सॅक नऊ किलो. पाणी, जेवण, गॅस यात धरत नाहीत, सगळे जाणकार असंच मोजतात. तंबूही धरला नाही, कारण तो गरज पडली तरच.

५ सप्टेंबर, दुपारी ४
पहिली शेड. दहा किलोमीटर. पहिला दिवस अंग मोकळं करण्याचा, तो हिशेबात नसतो. शेडमधल्या वहीत रीतीप्रमाणे नाव, तारीख वगैरे भरलं. उद्याचा मुक्काम: हेलेना. ठळक लिहिलं.

६ सप्टेंबर
बॉल क्रीक. हेलेना पुढची शेड. पट्टे नीट लावायला वेळ गेला.
चार वाजता नोलीन पास्क नावाच्या बाई आल्या. वय एकाहत्तर. लोकर कापणाऱ्यांच्या टोळ्यांना आयुष्यभर जेवण करून घातलं. आल्या आल्या म्हणाल्या, अहो, तुम्ही रोलंड ना? तुम्ही तर आज हेलेनाला असायला हवं होतं, मागच्या शेडच्या वहीत केवढ्या मोठ्या अक्षरात आहे! मागून येणारे वही वाचतात हे माझ्या ध्यानात नव्हतं.
माझे दोन मग बघून म्हणाल्या, जोडीदार कुठाय? मी मागच्या वाटेकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि जास्तीचं पाणी उकळायला ठेवलं.
दोन मग घेतले कारण एक जादाचा असावा.

९ सप्टेंबर
बीरॅकिंग. आजही एकच शेड. गुडघा. काठ्या चुकीच्या उंचीला लावल्या होत्या, आता दुरुस्त केल्या. उद्यापासून रोज एकतीस केले की भरून निघतं. वहीत तसं लिहिलं.
नोलीनबाईंनी माझी सॅक उचलायचा प्रयत्न केला. ह्यात मेंढी आहे का, म्हणाल्या, आणि जिवंत असेल तर तिलाच चालू दे की! त्यांच्या अंदाजाने तेवीस किलो. मी सांगितलं, नॉर्थमच्या धान्याच्या वजनकाट्यावर मी चौतीस वर्षं ट्रक तोलले आहेत, वजन मला कळतं. त्या म्हणाल्या, पण ते ट्रक तुम्ही पाठीवर घेत नव्हता ना, राजा.


११ सप्टेंबर
ब्रुकटन. वजन कमी केलं: टूथब्रशची दांडी कापली, मोज्यांची लेबलं काढली. फरक लगेच जाणवला. तंबू टाकता येत नाही. तो दोघांचा आहे, चांगला आहे.
चढावर थांबावं लागतं. दम लागतो म्हणून नाही, सवय आहे.

१४ सप्टेंबर, माउंट कुक
माथ्यावर फोनला रेंज. ड्वेलिंगअप अजून नव्वद किलोमीटर. जोसलिनला कळवलं: गुडघा किंचित. दोन दिवस जास्त. बाकी वेळापत्रकाप्रमाणे. तिचं उत्तर: सोळा. त्यानंतर मी येते. फोन बंद केला, बॅटरी वाचवायला.
सोळापर्यंत सहज जमेल. रोज पंचेचाळीस.

१५ सप्टेंबर
नेरँग. तेरा. पाऊस होता.

१६ सप्टेंबर
ग्रिंगर क्रीक. जेवण कालच संपलं होतं. हायवेवरच्या रोडहाऊसला जाऊन तीन बर्गर खाल्ले. म्हणजे सॅक आता खऱ्या अर्थाने हलकी आहे.
नोलीनबाई पुढे निघाल्या. जाताना बराच वेळ रेंगाळल्या. म्हणाल्या, रोलंड, स्पष्ट विचारते. तुमची मिसेस एवढी मागे का राहते? भांडलात का? मी म्हटलं, तिची चालच तशी आहे. त्या म्हणाल्या, मग थांबा की तिच्यासाठी, पळताय कुठे!
मी पळत नव्हतो हे त्यांनाही दिसत असेल.

१९ सप्टेंबर, सकाळी
चडूरा शेड सोडून तासभर झाला असेल. समोरून केशरी जाकिटातले चार जण आले. दोघांकडे स्ट्रेचर. पुढचा तरुण दाढीवाला. म्हणाला, तुम्ही रोलंड? बरे आहात ना? आणि मिसेस कुठे आहेत?
नोलीनबाईंनी ड्वेलिंगअपला पोचून पोलिसांना कळवलं होतं. प्रत्येक शेडच्या वहीत माझ्या नावापुढे माणसं दोन अशी नोंद आहे. अकरा दिवस त्यांना एकच दिसला. दाढीवाल्याने फोनवर वह्यांचे फोटो दाखवले. अक्षर माझं आहे. लिहिल्याचं आठवत नाही.
त्याने वही काढली. त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?
सोळा मार्चला, म्हणालो. सकाळी.
तो लिहीत होता. लिहायचा थांबला. मागच्या दोघांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. मग त्यांतल्या एकाने माझी सॅक घेतली आणि वजनाबद्दल काहीच बोलला नाही.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी
ड्वेलिंगअप. जोसलिन आली. मी लगेच सांगितलं, उद्यापासून रोज वीसच करतो, वीस म्हणजे काहीच नाही. ती म्हणाली, उशीर मी समजून घेतला असता, बाबा. पण आईला शोधायला चार माणसं रानात गेली होती. एवढंच म्हणाली. मग बराच वेळ माझ्या बुटांच्या नाड्या सोडवत बसली. गाठी ओल्या होत्या.
शोध थांबवण्याच्या कागदावर सही केली. वाटेतल्या पुढच्या गावांना मी आधीच पाठवलेली जेवणाची खोकी ती परत मागवणार आहे. मी नको म्हटलं नाही.
घरी परत. पंधरा दिवसांची वाट गाडीने सव्वा तासाची आहे. सबंध रस्ताभर मी तिला हळू चालव, हळू चालव म्हणत होतो.