पावाची गाडी आणि भाजलेली तार

मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. गाड्यांच्या वायरिंगमध्ये दिवसभर डोकं घालूनही तुमचं डोकं शांत असतं, असं तुमच्या ताईचं मत आहे आणि ती ते मला रोज ऐकवते. इकडे मी, ताई आणि बेकरीची भट्टी ठीक आहोत. गाडीचं मात्र काही खरं नाही.

त्याचं असं झालं, की महिन्यापूर्वी आपल्या पावाच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागला. मी त्यावर काळी पट्टी चिकटवली (दिवा दिसेनासा झाला, म्हणजे उपाय अगदीच वाया गेला असं नाही). मग शेजारी आकडा उमटला : आठशे किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. गाडीने मालकाला मुदत द्यायची, असे दिवस आलेत. गॅरेजवाल्याने स्कॅनर जोडला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून, धुरातला विषारी वायू मोजणारा सेन्सर गेलाय म्हणाला. नवा बसवला. दोन दिवसांत दिवा परत हजर. आणखी एक बसवला. तोही दिव्याला सामील. तोवर गाडीचा जोर इतका उतरला, की चढावर एका सायकलवाल्या आजोबांनी मला मागे टाकलं आणि वर थांबून मदत हवी का, असंही विचारलं.

शेवटी मीच मल्टिमीटर आणला. तीन तास मोजलं, सगळीकडे शून्य. गाडीत वीजच नाही, असा निष्कर्ष मी काढला (हॉर्न वाजत होता, पण शास्त्रात अपवाद असतात). तेव्हा ताईने पिठाचे हात पुसले, मीटरची कळ घरच्या विजेच्या खुणेवरून बॅटरीच्या खुणेवर सरकवली (शेवटी बहीण तुमचीच) आणि गाडीखाली वाकून म्हणाली, "ही तार सायलेन्सरच्या नळीला कोणी बांधली?" सेन्सरची तार गरम नळीला टेकून भाजली होती. सेन्सर तिन्ही चांगले. माणसं किती निष्काळजी असतात बघा. मी टेप गुंडाळली, ती दुसऱ्याच फेरीत वितळली.

आकडा आता दीडशेवर आलाय, आणि रोजची फेरी तीसची. म्हणजे पाच दिवसांनी पाव भट्टीपाशीच राहणार. हे आपलं उगाच, माहितीसाठी. तुमचा लोभ उरला असल्यास थोडा इकडे असू द्यावा.

आपला,
ताईचा नवरा

ता. क. – तार मीच बांधली होती. लोंबत होती, म्हणून आवळली.

ता. क. दुसरा – गॅरेजवाल्याने सेन्सरचं नाव घेतलं त्याच दिवशी तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "दाजी, सेन्सर बदलू नका, आधी तार बघा." त्यावर मी 'फोनवरून गाडी बघणारे थोर पुरुष' म्हणत चार माणसांत हसलो. तेव्हापासून तुमचा फोन नाही, आणि मला लावायचा धीर नाही. ताई रोज संध्याकाळी फोन हातात घेते आणि ठेवून देते.

ता. क. शेवटचा – ताई म्हणते, एवढ्या लांब पत्रात माफीचा शब्द नाही. चुकलो रे. गाडी बंद पडली तर पाव मी डोक्यावरून पोचवीन, पण ताईची समजूत मला काढता येत नाही. तू ये.