विकायला नसलेल्या डब्याबद्दल

तर मामा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, "अरे, एका डब्यापायी केवढा ओरडतोस! अठरा हजार क्वाचा आले. तुझ्या बापानं कधी अठरा हजाराला गवत विकलं होतं का?" आणि हसलात. फोन मी तोडला नाही, पैसे संपले म्हणून तुटला. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणून आता कागदावर घालतो. हा मध्येच तुटणार नाही.

मी, वायसन नामांगाले, वय चोवीस, राहणार एन्दिरांडे, ब्लांटायर, सध्या जोहान्सबर्गात लोकांच्या गॅलऱ्यांत कुंड्या लावून पोट भरणारा, शिक्षण चौथीपर्यंत, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. गेल्या महिन्यात शिडीवरून पडलो तेव्हापासून आत काहीतरी फाटलंय. सोमवारी कापणार आहेत. डॉक्टरीण म्हणाली, "घरी कळवून ठेव." मी विचारलं, "हे सगळ्यांनाच सांगता का?" तर ती कागद चाळत बसली. मला कोणी धमकावलेलं नाही, दारू प्यायलेलो नाही, आणि जे लिहितोय ते मला समजतंय.

कलमं पाच आहेत. त्यातली चार मी मेल्यावर बघा. चौथं मात्र कागद हातात पडल्या दिवशीच करायचं, मी जगलो तरी आणि मेलो तरी. तो डबा परत आला पाहिजे.

कलम एक. आपल्या रीतीनं पुरुषाचं जे असेल ते त्याच्या बहिणीच्या मुलांना जातं. ही रीत मी मोडत नाही. माझा फोन, दोन पँटी आणि बूट लेस्टिनाताईच्या मुलांना द्यावेत. बूट मोठे होतील, पुढं कापड कोंबावं. छाटणीची कात्री मात्र तुम्हाला, मामा. इथल्या एका म्हाताऱ्या बाईनं दिली, चांगल्या लोखंडाची आहे. तुमच्यावर राग असून का देतोय? खिळा तापवून डब्याला भोकं कशी पाडायची, गोणपाट भिजवून सावली कशी धरायची, कोणत्या रोपाला ऊन दाखवायचं आणि कोणत्याला नुसता उजेड, हे सगळं तुमच्याकडून घेतलं. तुम्ही मला म्हणायचात, "तुला देवानं मुळं दिलीत की चाकं?" इथं सहा मालक बदलले. म्हणजे चाकंच.

कलम दोन. घर आणि शेजारच्या मेबलबाईची भिंत यांच्यामधला बोळ. तीन पावलं रुंद, ऊन फक्त दुपारी घटकाभर. जागा तुमची आहे, मला ठाऊक आहे. तिथं पत्रा टाकून भाड्याची खोली काढायचं तुमच्या मनात आहे, तेही ठाऊक आहे. टाकू नका. त्या बोळात चाळीस डबे राहतात आणि ते भाडं देतात. रोप विकलं जातं तेच भाडं.

कलम तीन. मेबलबाईला काहीही देऊ नये. तिनं तीन वर्षं साबणाचं पाणी भिंतीवरून माझ्या बिगोनियांवर ओतलं. सांगायला गेलो की म्हणायची, "फुलं धुऊन देते रे, पैसे नको देऊस!" पण माझी बायको फालेसी सांगते की भिंतीलगतचाच बिगोनिया सगळ्यात जास्त फुलतो. तसं असेल तर त्याचं एक रोप द्या. एकच.

कलम चार. मामा, इथं थांबा. तुम्ही हे मोठ्यानं वाचत असणार, कारण फालेसीला वाचता येत नाही. बाकीच्यांना बाहेर पाठवा. तिला खाली बसवा, जवळ पाणी ठेवा, मग पुढं वाचा.

फालेसी, तीन वर्षांमागं सातव्या महिन्यात तुझं पोट रिकामं झालं तेव्हा बायकांनी मला दारातूनच परतवून लावलं. पोर श्वास न घेता आलं की ते बायकांचं काम. त्याच नेणार, त्याच पुरणार, पुरुषानं विचारायचं नाही, आणि आईनं रडायचं नाही, नाहीतर पुढचं येत नाही. तुम्ही म्हणालात मामा, "जा, डबे घेऊन रस्त्यावर बस. आज शनिवार, गिऱ्हाईक असतं." मी गेलो. चार डबे विकले. पाचव्या बाईनं विचारलं, "हे सावलीत जगेल का?" मी उरलेले डबे उचलून घरी आलो.

संध्याकाळी तुझी एलुबी आजी बोळात आली. लुगड्याच्या टोकाला गाठ होती. ती सोडून तिनं माझ्या ओंजळीत माती ओतली. म्हणाली, "जागा विचारू नकोस. मुलगी होती, एवढं सांगते. मी दिली म्हणून कुठं बोललास तर बायका मला पंगतीला बसू देणार नाहीत." आजी गेल्या पावसाळ्यात गेली. आता तिला कोण उठवणार, म्हणून लिहितोय.

ती माती मी तेलाच्या डब्यात घातली, तोच, पिवळ्या सूर्यफुलाचं चित्र असलेला. वर फर्न लावलं आणि डबा बोळाच्या अगदी टोकाला ठेवला, जिथं गिऱ्हाईक जात नाही. तू विचारायचीस, "सगळ्यांना आठवड्यातून दोनदा पाणी, मग याचंच काय रोज फोन करून विचारतोस?" तुला रडायची बंदी होती, आणि सांगितलं असतं तर तू रडली असतीस. पाणी तूच घालत होतीस, फालेसी. रोज तूच.

आता मामा, तुमचं. निघताना मी तुम्हाला सांगितलं होतं, "तो डबा विकायचा नाही." तुम्ही पाठीवर थाप मारलीत, "शिकलास रे गड्या!" कारण हे तुमचंच शिकवणं. सगळ्यात देखणं रोप मागं ठेवायचं, गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की म्हणायचं, "ते विकायला नाही बाई," आणि ती दुप्पट देईपर्यंत मान हलवत राहायचं. तुम्हाला वाटलं, मी भाव सांगतोय. दोन वर्षं तुम्ही मान हलवलीत, भाव चढू दिलात आणि डबा अठरा हजाराला दिलात. तुमची चूक नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय. उघडपणे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, ती चूक माझी.

न्याम्बाद्वेच्या चढावरचं निळ्या फाटकाचं घर. डबा तुम्हीच सायकलवर बांधून पोचवलात, म्हणजे वाट विचारावी लागणार नाही. तिथल्या बाईला सांगा, परत विकत घ्यायचाय. तिनं दहापट मागितले तरी द्या, इथं मान हलवू नका. फर्न तिला आवडलं असेल तर राहू दे तिच्याकडं. मला माती हवी. मोठ्या घरची माणसं रोप चकचकीत कुंडीत बदलतात आणि जुनी माती स्वयंपाकघरामागं फेकतात, मी इथं रोज तेच करतो. तेव्हा मागच्या दाराशी जाऊन बघा. माळ्याला विचारा. मुळांना चिकटलेली असेल तर मुळं झटकून घ्या. मूठभर मिळाली तरी फडक्यात बांधा, आणि येताना कुठं थांबू नका.

मी गेलो तर फालेसी रीतीप्रमाणं आईकडं थ्योलोला जाईल. अडवू नका. पण रिकाम्या हातानं पाठवू नका. ती माती तिची आहे, रीत काही म्हणो.

आणि फालेसी, आता रडलीस तरी चालेल.

कलम पाच. मला घरी आणायला वर्गणी काढू नये. बसच्या टपावरून मेलेला माणूस आणायला जिवंत माणसं दोन वर्षं फेडत बसतात. इथंच पुरतील, नंबर लावून. माझ्या खोलीतला जफाली तिथली मूठभर माती बसवाल्याकडं देईल. त्याच डब्यात घाला. फर्न नसेल तर दुसरं काही लावा, फार पाणी नको. सावलीत ठेवा.

हे मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही करणाऱ्या दोघांसमोर वाचून दाखवलं. जफाली मध्येच उठून बाहेर गेला होता, पण परत येऊन त्यानं राहिलेलं ऐकलं.

लिहून देणार: वायसन नामांगाले
साक्षीदार: जफाली कान्येंदा, एकाच खोलीत राहणारा
साक्षीदार: थोकोझानी दुबे, इमारतीचा पहारेकरी
ठिकाण: जोहान्सबर्ग. शुक्रवार, १४ जून २०२४

बसवाल्याच्या हाती सोबत पाठवलेली रक्कम, कलम चारसाठी, मोजून घ्यावी: एक लाख ऐंशी हजार क्वाचा.